चुलवाणापुढचा माणूस

आपल्या भागातल्या जुन्या गुऱ्हाळांचा विषय निघाला, म्हणून लिहायला बसलो. मी बी.कॉम. झालेला, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. गुळाच्या गोडीपेक्षा हिशेबच जास्त आठवतात.

१९८० नंतरची गोष्ट. बसवकल्याणला मी शेतीकर्जं बघायचो. एका गुऱ्हाळमालकाचं चिपाड दरवर्षी हंगामाच्या मध्येच संपायचं आणि लाकूडफाटा विकत घ्यावा लागायचा. चुलवाण नव्याने बांधायला त्यांना कर्ज हवं होतं. मी पाहणीला गेलो. जाळ घालायला एक वयस्कर मामा होते. ते म्हणाले, "साहेब, वलं चिपाड घातलं की जाळ आधी पाणी पितो, मग काहिलीकडं बघतो."

अगदी खरं होतं ते. चरकातून निघालेल्या चिपाडात वजनाने जवळजवळ निम्मं पाणीच असतं. ते उडवण्यात उष्णता वाया जाते. मालक म्हणाले, "मामा, यंदा लाकूड वाचवा, वाचलेल्या पैशात तुमचा वाटा." मामांनी चिपाड उन्हात पसरलं, दोनदा उलथलं, जाळ थोडा थोडा घातला. त्या हंगामात लाकडाची एकही गाडी आली नाही.

वाट्याच्या वेळी मात्र मामांच्या हातात एक धोतर आणि गुळाची ढेप पडली. मामा काही बोलले नाहीत. पुढच्या हंगामात ते दुसऱ्या गुऱ्हाळावर गेले आणि इकडे लाकडाच्या गाड्या परत सुरू झाल्या. चुलवाण तेच, चिपाड तेच. माझ्या फाईलवर शेरा होता, 'वसुली नियमित'. शब्द दिला तेव्हा मी समोर होतो. मालकांना एक शब्द बोलू शकलो असतो, बोललो नाही.

हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर साखर कारखान्यांत दिसतो. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला. पुढे आपल्याकडेही हल्लीखेड, भालकीला सहकारी कारखाने आले. कारखान्यात उसाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के चिपाड निघतं. पूर्वी बॉयलर कमी दाबाचे असत. उरलेल्या चिपाडाचं करायचं काय, हीच अडचण, त्यामुळे काटकसरीची गरजच कुणाला वाटत नसे. १९९४ मध्ये केंद्राने चिपाडापासून वीज करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जास्त दाबाचे बॉयलर आले, कारखाने वीज विकू लागले आणि चिपाडाला भाव आला.

माणसाच्या वाट्याचा कायदा त्याच्या आधीचा. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढे किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के बोनस होता. आणीबाणीच्या काळात त्यात ३१-अ कलम आलं: नफ्याऐवजी उत्पादनाशी किंवा उत्पादकतेशी जोडलेला बोनस कामगारांशी करार करून देता येऊ लागला. रेल्वेत तो १९७९-८० पासून आहे. बॉयलरचा दाब वाढवायला पैसा लागतो. त्यात ओलं चिपाड जाऊ न देणारा माणूस टिकवायला दिलेला शब्द पाळावा लागतो.

आपल्या कल्याणला हे नवं नाही. बाराव्या शतकात इथे बिज्जळाचा खजिना सांभाळणाऱ्या बसवण्णांनी कायक आणि दासोह या दोन गोष्टी बरोबरीने सांगितल्या. मन लावून काम करायचं, आणि मिळालेलं वाटून घ्यायचं. खजिना सांभाळणाऱ्याला ते कळलं होतं. कर्ज सांभाळणाऱ्या मला उशिरा कळलं.

नंतर कुठल्याही धंद्याला कर्ज देताना मी एक प्रश्न हटकून विचारायचो, "बचत झाली तर कामगाराला काय देणार?" फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहून ठेवायचो.

तुमच्या घरात गुऱ्हाळावर किंवा कारखान्यात राबलेलं कुणी असेल, तर त्यांची आठवण जरूर लिहा.