कॉलरबोनच्या सांध्यांची दुखापत : लक्षणे आणि उपचार

सायकलवरून पडताना, कबड्डीच्या पकडीत आदळताना किंवा क्रिकेटमध्ये झेप घेताना शरीराचा भार खांद्याच्या टोकावर आला, तर कॉलरबोनच्या सांध्याला इजा होऊ शकते. या हाडाला दोन सांधे असतात. खांद्याच्या टोकाकडील सांध्यास ‘ए.सी.’ आणि छातीच्या मधल्या हाडाशी जोडलेल्या सांध्यास ‘एस.सी.’ म्हणतात. पहिल्याच्या दुखापती वारंवार आढळतात. दुसऱ्याच्या दुर्मीळ असल्या, तरी त्यांतील एक प्रकार जिवावर बेतू शकतो. म्हणून वेदना नेमकी कोठे आहे, हे प्रथम पाहावे.

ए.सी. सांधा

खांद्याच्या वरच्या टोकाला सूज येते, दाबल्यावर दुखते आणि हात छातीवरून विरुद्ध खांद्याकडे नेताना कळ येते. कधी हाडाचे टोक वर उचललेले दिसते. क्ष-किरण तपासणीनंतर रॉकवूड वर्गीकरणानुसार दुखापतीचे सहा प्रकार केले जातात. पहिल्या दोन प्रकारांत झोळी, बर्फाचा शेक, वेदनाशामके आणि क्रमाक्रमाने व्यायाम पुरेसे ठरतात. तिसऱ्या प्रकारात सांधा पूर्ण निखळतो. तरीही अनेक खेळाडू शस्त्रक्रियेविना बरे होतात. उंचवटा कायम राहिला, तरी हाताचे कार्य सहसा पूर्ववत होते. चौथ्या ते सहाव्या प्रकारांत साधारणपणे शस्त्रक्रिया करावी लागते.

एस.सी. सांधा

हाड पुढे निखळल्यास छातीच्या वरच्या भागात गाठ दिसते. ते मागे सरकल्यास मात्र बाहेरून फारसे काही दिसत नाही. परंतु श्वासनलिका, अन्ननलिका व मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊ शकतो. धाप लागणे, गिळताना त्रास होणे, आवाज घोगरा होणे किंवा हात बधिर होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. मैदानावर हाड जागेवर बसवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. साध्या क्ष-किरण चित्रात ही इजा निसटू शकते, त्यामुळे सी.टी. स्कॅन आवश्यक ठरतो. कॉलरबोनच्या आतल्या टोकाची वाढ सुमारे 25 व्या वर्षापर्यंत चालू असल्याने तरुणांत निखळलेला वाटणारा सांधा प्रत्यक्षात वाढीच्या पट्टीचा अस्थिभंग असू शकतो.

पुन्हा मैदानावर

ए.सी. सांध्याची सौम्य दुखापत साधारण दोन आठवड्यांत, तर तिसऱ्या प्रकारची सहा ते बारा आठवड्यांत खेळण्याइतकी बरी होते. तरीही दिनदर्शिकेपेक्षा तीन कसोट्या महत्त्वाच्या : वेदना नसणे, खांद्याची पूर्ण हालचाल आणि दुसऱ्या बाजूइतकी ताकद.