तळटीप : वस्तऱ्याचा पट्टा

१. पट्टा : न्हाव्याच्या धोकटीतील, वस्तरा परजण्याचे चामडे. निसण्यावर पोलाद झिजून धार निघते. पट्ट्यावर त्या धारेची वाकलेली सूक्ष्म कड सरळ व गुळगुळीत होते. म्हणून पाते पाठ पुढे ठेवून ओढतात आणि पट्टा ताणून धरतात. सैल पट्ट्यावर धार गोलसर होते. नागपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जातो. याच शहराच्या हुडकेश्वर भागातील कोरड्या हवेत चामडे ताठरते, भेगाळते. त्यावर रोज स्वच्छ तळहात चोळावा. तेवढ्याने न भागल्यास तेलाचे एक-दोन थेंब जिरवावेत. जास्त तेलाने चामडे फुगून मऊ पडते. पाणी आणि थेट ऊन टाळावे. गिऱ्हाइकाच्या गालाची सुरक्षितता या निगेवरच अवलंबून असे.