लहान-मोठ्या अक्षरांचा भेद आणि मराठी संकेतस्थळांच्या प्रती

देवनागरी लिपीत मोठे अक्षर व लहान अक्षर असा भेद नाही. मोडीतही तो नव्हता. त्यामुळे रोमन लिपीतील या भेदाचा मराठी वाङ्मयाच्या जतनाशी संबंध तो काय, असा प्रश्न कोणासही पडावा. परंतु गेल्या तीन दशकांत मराठी मजकूर संगणकीय जालावर आला, त्या मजकुराचे पत्ते मात्र दीर्घकाळ रोमन अक्षरांतच लिहिले गेले. आणि एखाद्या संकेतस्थळाची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेण्याची वेळ आली, तेव्हा हा परका भेद मराठी शब्दांच्या अर्थापर्यंत येऊन भिडला.

या भेदाचे मूळ लेखनाच्या इतिहासात आहे. रोमन शिलालेखांतील मोठी अक्षरे आणि आठव्या-नवव्या शतकांत युरोपातील मठांत रूढ झालेली लहान वळणाची अक्षरे या वस्तुतः दोन कालखंडांतील दोन शैली होत. पुढे त्या एकाच ओळीत नांदू लागल्या आणि छापखान्यात त्यांचे खिळे वरच्या व खालच्या अशा दोन खणपेट्यांत ठेवले जाऊ लागले. आस्की या संगणकीय वर्णसंकेताच्या 1963 सालच्या पहिल्या रूपात लहान अक्षरे नव्हतीच. ती 1967 साली निश्चितपणे समाविष्ट झाली. मोठ्या 'ए'चा क्रमांक 65, लहान 'ए'चा 97. प्रत्येक जोडीत अंतर नेमके 32 चे, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने एकाच द्विमान अंकाचे. हा एक अंक पुसला की भेद संपतो. पुसणे इतके सुलभ असल्यामुळेच तो ठिकठिकाणी पुसला गेला.

तथापि सर्वत्र तो सारखा पुसला गेला नाही, आणि अडचणीचे खरे बीज येथेच आहे. जालावरील पत्त्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग यंत्राच्या नावाचा. 1987 साली पॉल मोकापेट्रिस यांनी या नावांचे जे नियम सिद्ध केले, त्यांत लहान-मोठ्या अक्षरांत फरक करावयाचा नाही असे स्पष्ट ठरले. दुसरा भाग त्या यंत्रावरील कप्प्यांच्या व पानांच्या वाटेचा. 1994 सालच्या आणि नंतर 2005 सालच्या पत्तालेखनाच्या नियमांनी हा भाग ज्या त्या यंत्राच्या स्वाधीन ठेवला. युनिक्स प्रणालीवर मोठे व लहान अक्षर भिन्न. विंडोज प्रणालीवर सामान्यतः ते एकच. म्हणजे एकाच पत्त्याच्या पूर्वार्धात एक व्याकरण आणि उत्तरार्धात यजमानाच्या मर्जीप्रमाणे दुसरे! संहितेचे नियम एका प्रतीत एक व दुसऱ्या प्रतीत दुसरे असावेत, तसाच हा प्रकार होय.

याचा परिणाम मोठ्या प्रमाणावर प्रथम दिसला तो जिओसिटीज या विनामूल्य गृहपृष्ठांच्या वसाहतीच्या बाबतीत. ती 26 ऑक्टोबर 2009 रोजी बंद झाली. तत्पूर्वी स्वयंसेवकांनी तिची जी प्रत घाईने उतरवून घेतली, तीत एकाच वस्तीची नावे कोठे मोठ्या, कोठे लहान, कोठे मिश्र अक्षरांत आढळली. कारण दुवे देणाऱ्यांनी ती मनास येईल तशी लिहिली होती आणि मूळ यंत्राने ती सर्व खपवून घेतली होती. भेद न मानणाऱ्या तबकडीवर ही प्रत उलगडली, तर एक कप्पा दुसऱ्यावर चढून बसे.

तेथे एकाच पानाच्या अनेक प्रती होण्याचे संकट होते. मराठीच्या बाबतीत संकट याच्या उलट आहे, आणि ते अधिक गंभीर आहे: येथे दोन भिन्न शब्द एक होऊन बसतात. संस्कृत व मराठी रोमन लिपीत लिहिण्याची विद्वन्मान्य पद्धती 1894 सालच्या जिनीव्हा येथील प्राच्यविद्या परिषदेपासून रुळली. तीत मूर्धन्य वर्णांखाली बिंदू आणि दीर्घ स्वरांवर रेघ देतात. संगणकाच्या कळफलकावर बिंदूही नव्हता, रेघही नव्हती. म्हणून हार्वर्ड-क्योटो पद्धतीने आणि अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीने रिकाम्या पडलेल्या मोठ्या अक्षरांना कामास लावले. लहान 'टी' म्हणजे 'त', मोठा 'टी' म्हणजे 'ट'. लहान 'एन' म्हणजे 'न', मोठा 'एन' म्हणजे 'ण'. आयट्रान्समध्ये मोठा 'एल' म्हणजे 'ळ'. इंग्रजीत जो भेद बहुधा शोभेचा व शिष्टाचाराचा, तो येथे थेट वर्णभेदक ठरला. ही योजना चतुर होती यात शंका नाही; मात्र तिचा सर्व भार यंत्रे ज्याला क्षुल्लक मानतात अशा एका अंकावर पडला होता.

भाषाशास्त्रात ज्यांना लघुतम भेदाच्या जोड्या म्हणतात, त्या मराठीत विपुल आहेत. वाट आणि वात, मण आणि मन, माळ आणि माल, काळ आणि काल, पाट आणि पात. या पद्धतीने पानांना नावे दिली आणि तो संग्रह युनिक्सवरून विंडोजच्या तबकडीवर उतरवला, तर 'माळ'चे पान व 'माल'चे पान एकाच नावाचे ठरते. नंतर आलेले पान पहिल्याची जागा घेते, किंवा त्याच्या नावास एक अंक चिकटतो. कित्येकदा प्रत उतरविणारा सोईसाठी सर्व नावे लहान अक्षरांत आणतो. हर्व्होये निक्शिच यांनी 1996 साली प्रसृत केलेल्या वीगेट या साधनात तशी आज्ञाही आहे. मग मूर्धन्य व दंत्य हा भारतीय भाषांचा ध्वनिविशेष नावापुरता नाहीसा होतो. दुवा तुटला तर निदान दिसतो. हा दुवा तुटत नाही. तो वाचकास शांतपणे दुसऱ्याच शब्दाकडे नेतो.

विदर्भातील अभ्यासकास येथे महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सकळ लिपीत एका वर्णाऐवजी दुसरा वर्ण लिहिला जाई. तिची उकल वि. का. राजवाडे यांनी केली, आणि पुढे महानुभाव वाङ्मयाच्या अध्ययनात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी आयुष्य वेचले. अशा लिपीत एका अक्षराची चूक झाली, तर किल्ली ठाऊक नसलेल्या लेखकूला ती जाणवण्याचा संभव नव्हता. त्याच्या दृष्टीने सर्वच अक्षरे सारखी निरर्थक. प्रत उतरविणारे यंत्र हे असेच किल्ली नसलेले लेखकू होय. फरक इतकाच की पोथीचा लेखकू निदान समोरचे अक्षर गिरवतो. यंत्र मात्र आपल्या तबकडीच्या नियमाप्रमाणे ते 'सुधारते'.

यावर कोणी म्हणेल की आता पत्ते प्रत्यक्ष देवनागरीत लिहिता येतात, मग हा वाद मिटला. यंत्रनावापुरते ते खरे आहे. 27 ऑगस्ट 2014 रोजी '.भारत' हे देवनागरी क्षेत्रनाम मराठीसह आठ भाषांसाठी खुले झाले. अशा नावांचे रोमनीकरण करणारी प्युनिकोड ही पद्धती 2003 साली रचताना तिच्या कर्त्याने अर्थभेद लहान-मोठ्या अक्षरांवर सोपवला नाही; छत्तीस चिन्हांतच सर्व काम भागवले.

परंतु पत्त्याच्या उत्तरार्धात गंमत अशी झाली की, भेद नसलेल्या लिपीलाही तो मागल्या दाराने चिकटला. देवनागरी अक्षर पत्त्यात जाताना त्याचे तीन अष्टक होतात आणि प्रत्येक अष्टक टक्क्याच्या चिन्हानंतर दोन षोडशमान अंकांनी दर्शवितात. या अंकांत 'ए' ते 'एफ' ही सहा रोमन अक्षरे येतात. 'नागपूर' या शब्दात मात्रांसह सहा चिन्हे आहेत. त्यांची अठरा अष्टके, आणि पत्त्यात चोपन्न अक्षरे. या चोपन्नांत अठरा जागी रोमन अक्षर पडते, आणि ते मोठे वा लहान कसेही लिहिता येते. हिशेब केल्यास 'नागपूर' हे एकच नाव 2,62,144 प्रकारांनी लिहिता येईल. 2005 सालच्या नियमांनुसार हे सर्व प्रकार समानार्थी असून मोठी अक्षरे वापरावीत अशी शिफारस आहे. विकिपीडिया तसे करतो. वर्डप्रेस ही बहुप्रचलित प्रणाली मात्र लहान अक्षरे वापरते. शिवाय ती पत्त्याचा हा भाग दोनशे अक्षरांवर तोडते, म्हणजे मराठी मथळ्याची जेमतेम बावीस चिन्हे शिल्लक राहतात. जे साधन दोन पत्त्यांची तुलना केवळ अक्षरशः करते, त्याला मराठीतले एकच पान दोनदा भेटते.

वीगेटने या गोंधळात आणखी एक भर घातली. युनिक्सवर ते 128 ते 159 या अष्टकांना नियंत्रणचिन्हे समजून त्यांचे टक्केरूप करीत असे. 'नागपूर' मधील 'ग' आणि दीर्घ उकार यांची शेवटची अष्टके नेमकी या पट्ट्यात पडतात. 'न', 'प', 'र' यांची पडत नाहीत. परिणामी प्रतीच्या नावात काही अक्षरे शाबूत, काही अर्धवट. उपाय साधनातच होता, पण वेगळी आज्ञा दिल्याखेरीज तो लागू होत नसे, आणि ती देणे पुष्कळांस ठाऊक नव्हते.

2009 साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या वॉर्क या संग्रहपद्धतीने निराळी वाट धरली. तीत पानाचा पत्ता तबकडीवरील नावात न ठेवता पानाच्या नोंदीतच मूळ स्वरूपात लिहितात. त्यामुळे तबकडीचे नियम कोणतेही असोत, 'माळ' आणि 'माल' दोन्ही शिल्लक राहतात. मात्र संग्रहाची शोधसूची सिद्ध करताना पत्ते पुन्हा लहान अक्षरांत आणण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. अशा सूचीतून 'माळ' मागणाऱ्या वाचकापुढे दोन्ही पाने एकाच नोंदीखाली येतात, आणि त्यांतले कोणते उघडावे हे सूचीला सांगता येत नाही.