खर्च न वाढवता काम कसं सुधारायचं? छोट्या कारखान्यांसाठी ‘फाइव्ह एस’

बेळगावच्या उद्यमबागेत फाऊंड्री आणि मशीन शॉप मोठ्या संख्येने आहेत. जॉबवर्कचा दर एकदा ठरला, की वाया गेलेला प्रत्येक मिनिट मालकाच्या नफ्यातून जातो आणि उशीर झाल्याचा ओरडा कामगार खातो. नवी मशीन घेणं सगळ्यांना परवडत नाही. अशा ठिकाणी जपानी कारखान्यांत रुजलेली ‘फाइव्ह एस’ पद्धत कामी येते.

पाच पायऱ्या

१. सेइरी (निवड) : लागणारं आणि न लागणारं वेगळं करायचं. शंका असलेल्या वस्तूला तारीख टाकून लाल चिठ्ठी लावायची. मुदतीत कुणी विचारलं नाही, तर ती वस्तू तिथून हलवायची.

२. सेइतोन (मांडणी) : प्रत्येक पान्याला, गेजला ठरलेली जागा. फळीवर अवजाराचा आकार रंगवला, की काय गायब आहे ते लांबूनच दिसतं.

३. सेइसो (सफाई) : मशीन पुसताना तेलगळती, ढिला बोल्ट नजरेत येतो. म्हणजे सफाई हीच तपासणी.

४. सेइकेत्सु (नियम) : कोणी, कधी, काय करायचं ते लिहून लावायचं.

५. शित्सुके (सवय) : कुणी सांगितलं नाही तरी ते रोज व्हायला हवं.

सुरुवात कुठून?

एकाच मशीनपासून. जॉब बदलताना मशीन किती वेळ बंद राहते, ते घड्याळ लावून मोजा. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी यासाठी सोपी वाट दाखवली : मशीन बंद असतानाच करता येणारी कामं आणि आधीच उरकता येणारी कामं वेगळी करा. पुढच्या जॉबचं ड्रॉइंग, टूल, कच्चा माल आधीच जवळ आणून ठेवला, तर खर्च काहीच नाही. रोज २० मिनिटं वाचली, तरी २५ दिवसांत ५०० मिनिटं होतात. म्हणजे आठ तासांच्या एका शिफ्टपेक्षा जास्त.

गाडी कुठे अडते?

वाचलेला वेळ लगेच वाढीव टार्गेटमध्ये घातला, की कामगार पुढची सूचना देत नाहीत. फायद्यातला वाटा, निदान सूचना देणाऱ्याचं नाव फळ्यावर, एवढं तरी हवंच.

सरकारी मदत

केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये नव्याने सुरू केलेल्या ‘लीन’ योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र उचलेल, अशी तरतूद आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. मात्र लाल चिठ्ठ्या लावायला कुठल्याच योजनेची वाट पाहावी लागत नाही.