डेम्लो : रेल्वे स्थानकाचे नाव लाभलेली संख्या

१/४ नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. सतरा अंक, उलट वाचले तरी तेच! गुणाकाराच्या कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊपलीकडे जात नाही, हातचा येत नाही. म्हणून हा डौल.

२/४ अशा संख्यांना ‘डेम्लो’ नाव देणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीत शाळाशिक्षक होते. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. तेथील स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली.

३/४ अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. अर्थात ती हर्षदही!

४/४ अनेक गणितज्ञांनी हे संशोधन क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा या शिक्षकाची कीर्ती जगभर पसरली.