चाबूकस्वार

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. सुटीत घोडेस्वारी शिकते आहे. म्हणाली, "आबाजी, माझा घोडा एका झाडापाशी रोज अडतो. पुढे जातच नाही. सगळे म्हणतात दोन छड्या लगाव. लगावू का?"

आता घोड्यावर मी आयुष्यात एकदाच बसलो, नवरदेव म्हणून, आणि तेव्हाही लगाम दुसऱ्याच्याच हातात होता! पण इतिहासाचा मास्तर. फोन ठेवल्यावर विचारचक्र सुरू झाले, म्हणून आज हे लिहीत बसलो.

घोडा शिकवणाऱ्याला आपल्याकडे जुना शब्द आहे चाबूकस्वार. ऐकल्याबरोबर डोळ्यांसमोर चाबूक उगारलेला माणूस येतो. गंमत अशी की हा शब्द फारसीतून आला, आणि फारसीत 'चाबुक' म्हणजे चपळ. चाबुकसवार म्हणजे चपळ, निष्णात स्वार. म्हणजे त्याचे कसब नावात होते आणि आपण मात्र त्याच्या हातातली वादीच तेवढी ध्यानात ठेवली.

मराठ्यांचे राज्य घोड्याच्या पाठीवर उभे राहिले. स्वार दोन प्रकारचे. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. सभासदाने बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे पाणी देणारा एक पखालजी व एक नालबंद. लढाईच्या हिशेबात पाणी आणि नाल आधीच धरलेले!

महाराजांचे चिपळूणकडील लष्कराला गेलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. १६७३-७४ च्या सुमाराचे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणा-वैरण आत्ताच मनमानी उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, असे बजावले आहे. उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल, इथपर्यंत काळजी. घोडा मेला तर दोष घोड्याचा नव्हे, ठेवणाऱ्याचा.

आपल्या नागपूरकर भोसल्यांचे स्वार तर थेट बंगालपर्यंत धडकले. पहिल्या रघूजींनी १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकरांना तिकडे पाठवले. त्या स्वाऱ्यांची दहशत एवढी की 'बारगीर' शब्दाचा तिकडे 'बोर्गी' झाला आणि पोरांना झोपवायच्या गाण्यात जाऊन बसला. हे सांगताना वर्गात माझी छाती फुगायची. पुढे वय झाले तसे वाटू लागले, ज्या गावांनी ती झळ सोसली त्यांच्या मास्तरांनी हाच धडा कसा शिकवला असेल?

असो. मुद्दा घोड्याचा. नदीचा उतार, तोफेचा बार, परका मुलूख, यांना बुजणारा घोडा एवढा पल्ला गाठू शकत नाही. ती भीती आधी कुणीतरी काढलेली असते. ग्रीक सेनानी झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. त्याचे सांगणे असे की घोड्याशी रागात कधी वागू नये. तो एखाद्या वस्तूला बुजला तर ती निरुपद्रवी आहे हे त्याला हळूहळू दाखवावे. त्या वेळी मारले तर त्याला वाटते, दुखले ते त्या वस्तूमुळेच, आणि भीती दुप्पट होते. आजचे जाणकारही हेच सांगतात. घोडा ही शिकार होणाऱ्याची जात, संकट दिसले की पळणारी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे बहुतेक सगळीकडचे दिसते, पण अगदी नाकासमोरचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून अचानक गेलात तर लाथ बसते. ती लाथ म्हणजे दुष्टपणा नाही.

हे सगळे मी पुस्तकात नंतर वाचले. आधी पाहिले ते आमच्या वरठीत. आमचे स्टेशन 'भंडारा रोड'. गाडीतून उतरलेला माणूस भंडाऱ्याला जायचा तो टांग्याने. मी नोकरीला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका टांग्यात बसलो होतो. मोरीजवळ कुणी ताडपत्री टाकलेली, वाऱ्याने फडफडत होती. घोडा चारी पाय रोवून उभा. मला उशीर होत होता. म्हटले, "काका, हाणा ना दोन!"

काका खाली उतरले. लगाम हाती धरून मानेवर थापटत उभे राहिले. घोड्याला हवे तेवढे पाहू दिले, एक पाऊल पुढे आला की थांबून पुन्हा थापटले. शेवटी त्याने ताडपत्री हुंगली आणि फुरफुरून पुढे निघाला. टांग्यावर चढताना काका एवढेच म्हणाले, "थो भेते जी, मास्तर. मारल्यानं भेव जाते का?"

मी पुढे बोललो नाही. कारण त्याच्या आधीच्या महिन्यात फळ्यासमोर गप्प उभ्या राहिलेल्या एका पोराला मी छडीने मारले होते. उत्तर येत असूनही मुद्दाम बोलत नाही, असा माझा समज. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. टांग्याच्या प्रसंगानंतर मी त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, पोरगा मामाकडे ढोरं राखायला गेला. तो परत आलाच नाही. पुढे छडी मी कपाटावर टाकली, पण त्या पोराला त्याचा काय उपयोग?

रात्री नातीला फोन केला. म्हटले, "उद्या उतर. त्याच्या शेजारी उभी राहा आणि त्या झाडाकडे तो काय पाहतो, ते तूही पाहा."

आज सकाळी तिचा निरोप आला. झाडावर एक फाटका पतंग लटकतो आहे म्हणे.