पराभूताला मिळालेला मान

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून, नऊ नऊ गड्यांच्या दोन तुकड्यांत बास्केटबॉलचा जो पहिला सामना लावला, त्यात अखेरपर्यंत चेंडू टोपलीत एकदाच पडला, आणि तो विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने टाकला. त्यामुळे सर्वांत चांगला कोण खेळला, या प्रश्नावर त्या दिवशी वाद होण्याचे कारण नव्हते. खेळाला हे सुख फार काळ लाभले नाही. टोपलीचा तळ गेला, गुणांची संख्या वाढली, खेळाचा धंदा झाला, पगार आणि करारनामे आले, आणि कोणी किती केले याचा लेखी हिशेब ठेवणे सर्वांनाच भाग पडले.

हा हिशेब प्रारंभी फार तुटपुंजा होता. आज एनबीए या नावाने जगभर प्रसिद्ध असलेली व्यावसायिक साखळी १९४६ मध्ये निराळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा वहीत गुण, फ्री थ्रो, फाउल आणि सहकाऱ्याला बास्केट करून देणारा पास, म्हणजे असिस्ट, अशी मोजकीच खाती होती. हुकलेला शॉट हाती घेणे, म्हणजे रीबाउंड, याचे खाते १९५०-५१ च्या हंगामात उघडले, खेळाडू किती मिनिटे मैदानात होता हे त्याच्या पुढल्या हंगामापासून लिहू लागले, आणि प्रतिपक्षाचा शॉट हवेतच अडवणे किंवा त्याच्या हातचा चेंडू काढून घेणे या कृत्यांना अधिकृत दप्तरात जागा मिळण्यास १९७३-७४ साल उजाडावे लागले. परिणाम असा की, शॉट अडवण्याची कला ज्या दोघांनी पराकोटीला नेली त्या बिल रसेल व विल्ट चेंबरलेन यांची संपूर्ण कारकीर्द तो रकाना आखला जाण्यापूर्वीच आटोपली.

फिलाडेल्फियाचे हार्वी पोलॅक हे या दप्तराचे जणू फडणीस. साखळीच्या पहिल्या हंगामात जे ते टेबलाशी बसले, ते २०१५ साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी वारले तेव्हाही आकड्यांच्याच सेवेत होते. २ मार्च १९६२ रोजी हर्शी या गावी चेंबरलेनने एका सामन्यात शंभर गुण केले, त्या रात्री एका कोऱ्या कागदावर हाताने १०० हा आकडा लिहून छायाचित्रासाठी त्याच्या हाती दिला तो या गृहस्थांनी. मात्र सर्वच टेबलांवर पोलॅक बसलेले नसत. पास मिळाल्यावर खेळाडूने किती वेळ ड्रिबल केले तर बास्केटचे श्रेय पास देणाऱ्याचे आणि किती केले तर त्याचे स्वतःचे, हे बऱ्याच अंशी नोंद करणाऱ्याच्या मर्जीवर राही. आणि ती मर्जी घरच्या संघाकडे झुकते, ही पाहुण्यांची तक्रार खेळाइतकीच जुनी आहे.

रसेलच्या बाबतीत तर वहीची गत फारच केविलवाणी झाली. तो अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत नसे. चेंडू हलकेच टोलवून तो आपल्याच सहकाऱ्याकडे जाईल अशी योजना करी, आणि प्रतिपक्ष सावरण्यापूर्वी बॉस्टन सेल्टिक्सचे गडी दुसऱ्या टोकाला पोचलेले असत. ही कृती निदान डोळ्यांना दिसे. पण रसेल टोपलीपाशी उभा आहे एवढे पाहूनच ज्याने शॉट मारला नाही, त्याच्या न मारलेल्या शॉटला कोणत्या वहीत रकाना असणार? प्रशिक्षक रेड ऑअरबाख यांनी हे ओळखले होते. पगाराची बोलणी करताना तुझ्या गुणांचे आकडे मी पुढे करणार नाही, असे अभय त्यांनी रसेलला दिले होते. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे, एवढाच ज्याचा खरा जमाखर्च, त्याला दुसरे अभय ते काय द्यावयाचे!

अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा स्वतंत्र सन्मान १९६९ पासून सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी परीक्षकांपुढे असा खटला उभा राहिला की त्याहून अवघड खटला नंतर क्वचितच आला असेल. लॉस एंजेलिस लेकर्सकडे जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि नव्याने आणलेला चेंबरलेन असे तीन रथी होते. उलट सेल्टिक्स पूर्व विभागात चौथे आलेले, वय झालेले, आणि पस्तिशीतला रसेल त्यांचा खेळाडूही आणि प्रशिक्षकही. वेस्टने पहिल्याच सामन्यात ५३ गुण केले. चौथा सामना सॅम जोन्सच्या अखेरच्या क्षणीच्या शॉटने सेल्टिक्सने ८९-८८ असा वाचवला. पाचव्यात वेस्टच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला, तरी तो पुढचे दोन्ही सामने खेळला. ५ मे रोजी सातवा सामना लेकर्सच्या क्रीडागृहात होता, आणि मालक जॅक केंट कुक यांनी विजयोत्सवासाठी छताखाली हजारो फुगे बांधून ठेवले होते. प्रतिपक्षाला चिथावण्याचा याहून खात्रीचा उपाय सापडणे कठीण. शेवटच्या काही मिनिटांत चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर गेला, आणि तो परत येण्यास तयार असूनही प्रशिक्षकांनी त्याला घेतले नाही. अंतर एका गुणावर आले असता सेल्टिक्सच्या डॉन नेल्सनचा शॉट कड्याच्या मागच्या बाजूवर आदळून सरळ वर उडाला आणि खाली येताना जाळीत पडला. सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६. वेस्टने त्या सामन्यात ४२ गुण, १३ रीबाउंड आणि १२ असिस्ट केले होते. मालिकेतील त्याची सरासरी जवळजवळ ३८ गुणांची होती. मान त्याला मिळाला. सोबत मिळालेली मोटारगाडी सेल्टिक्सच्या हिरव्या रंगाची होती, हे वेस्ट पुढे कडवटपणाने सांगत असे.

हा निवाडा मला धैर्याचा वाटतो. निर्विवाद मात्र वाटत नाही. रसेल सातव्या सामन्यात सहा गुणांवर थांबला, पण एकवीस रीबाउंड त्याने घेतले, आणि कोणाला केव्हा खेळवावे व केव्हा बसवावे हा निर्णयही त्याचाच होता, ज्याची नोंद आजही कोणी करीत नाही. त्यानंतर तो निवृत्त झाला. २००९ मध्ये साखळीने या पुरस्कारालाच रसेलचे नाव दिले. स्वतः त्याला तो एकदाही मिळाला नाही.

हंगामानंतरच्या बाद फेरीची, म्हणजे प्लेऑफची, मालिका ही मुळात निराळ्या जातीची परीक्षा आहे. ब्याऐंशी सामन्यांच्या हंगामात संघ आज इथे तर परवा तिथे खेळतो, आणि त्याची वैगुण्ये झाकली जातात. मालिकेत तोच प्रतिपक्ष सात वेळा समोर उभा राहू शकतो, आणि कोणाचा डावा हात कच्चा, बचावात कोणाची पावले मंद, हे एकदा उमगले की प्रत्येक डाव त्याच गड्यावर रचला जातो. अशा वेळी हंगामाची सरासरी टिकवून धरणे हेच कर्तृत्व ठरते. शिवाय सात सामन्यांचा नमुना इतका अल्प की चार शॉट कड्यावरून आत पडण्याऐवजी बाहेर पडले, तर सरासरीचे रूप पालटते.

परीक्षकांचे मनही शेवटच्या दृश्याला बळी पडते. १९७० मध्ये न्यूयॉर्क निक्सचा विलिस रीड मांडीच्या दुखापतीने सहावा सामना हुकवून सातव्यासाठी लंगडत मैदानात आला, पहिले दोन शॉट त्याने घातले, आणि त्या रात्री त्याचे गुण चारच राहिले. वॉल्ट फ्रेझियरने ३६ गुण व १९ असिस्ट करून सामना जिंकून दिला, तरी मान रीडला मिळाला. आधीच्या सामन्यांतील खेळ पाहता रीडचा हक्क खोटा नव्हता, पण त्याची कैफियत त्याच्या दुखऱ्या पायाने मांडली. १९८० मध्येही तसेच घडले. लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार पाच सामने सरासरी तेहतिसाहून अधिक गुण करून घोटा दुखावल्याने घरी राहिला, त्याचा वीस वर्षांचा सहकारी मॅजिक जॉन्सन याने सहाव्या सामन्यात ४२ गुण केले, आणि पुरस्कार त्याने नेला.

पुढे वहीचा पसारा वाढला. खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे वा मागे गेला, हा हिशेब आइस हॉकीतून इकडे आला. त्यात चांगल्या सोबत्यांचे पुण्य वाईट गड्याच्या पदरी पडते, हे दुखणे आहेच. चेंडू संघाच्या ताब्यात असण्याच्या दर खेपेमागे किती गुण झाले, हे मोजण्याची रीत नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ फार पूर्वीपासून पाळत. डीन ऑलिव्हर यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात तिला शास्त्राचे रूप दिले. २०१३-१४ पासून तर प्रत्येक क्रीडागृहाच्या छतावरून कॅमेरे दहाही गड्यांची पावले टिपू लागले.

एवढ्या साधनसामग्रीनंतर २०१५ ची अंतिम मालिका आली. क्लीव्हलँडचा केव्हिन लव्ह अंतिम मालिकेपूर्वीच जायबंदी झाला होता, कायरी अर्व्हिंगची गुडघ्याची वाटी पहिल्याच सामन्यात फुटली, आणि लब्रॉन जेम्सने एकट्याने भार वाहत सरासरी ३५.८ गुण, १३.३ रीबाउंड व ८.८ असिस्ट केले. तिन्ही खात्यांत तो दोन्ही संघांत पहिला होता. विजेत्या गोल्डन स्टेटचा आंद्रे इग्वोडाला हंगामभर एकाही सामन्याच्या आरंभी मैदानात नव्हता. चौथ्या सामन्यापासून प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याला पहिल्या पाचांत घेतले, जेम्सला रोखण्याचे काम मुख्यतः त्याच्याकडे राहिले, आणि जेम्सचे शॉट शंभरात चाळीसही पडले नाहीत. अकरा मतांपैकी सात इग्वोडालाला व चार जेम्सला मिळाली. रसेलच्या जातीच्या कामाला उशिरा का होईना दाद मिळाली, असे या निकालाचे समर्थन करता येईल आणि तेवढ्यापुरते ते मला मान्य आहे. पण वेस्टनंतर पराभूत संघातील एकाही खेळाडूला हा मान मिळालेला नाही, यावरून परीक्षक खेळ जोखतात की विजेत्यांचा गोट पाहून त्यातला एक निवडतात, अशी शंका येते. ज्याला रोखले म्हणून इग्वोडालाचा गौरव झाला, त्या जेम्सलाच २०१५ चा पुरस्कार मिळावयास हवा होता. त्या चौघांचे मत रास्त होते.